वळणावरचा गंज

आमचे हे कवळ्या बनवतात. दात काढायचं काम डॉक्टरांचं, ते माप घेऊन पाठवतात आणि पुढचं सगळं यांच्या टेबलावर होतं. घराची पुढची खोली म्हणजे मेण, प्लास्टर, कानशी, बारीक ब्रश आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मी त्या फळीकडे पाठ करूनच चालत होते. आता केर काढताना एखादी कवळी खाली सापडली तर उचलून जागच्या जागी ठेवते आणि पुढे सरकते.

कवळ्यांचं वेड असतं तर मी समजून घेतलं असतं, शेवटी पोटाचा धंदा आहे. पण यांना वेड खेळण्यातल्या मोटारींचं. त्याही कुठल्याही चालत नाहीत. काळ्या प्लास्टिकचे तुकडे जोडून रस्त्याचा मोठा घेर करायचा. रस्त्याला दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या, पट्ट्यांतून वीज. हातातला खटका जितका दाबाल तितकी गाडी पळते, आणि वळणावर जास्त दाबलात की खाच सोडून उडते. स्लॉट कार म्हणतात त्याला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे असे बेचाळीस संच वरच्या खोलीत आहेत. शिवाय मोटर बसवून घरी जोडायच्या गाड्यांचे खोके माळ्यावर आहेत, तेही सीलबंद. उघडायचे नसतात म्हणे. न उघडलेल्या खोक्यावर इतका जीव लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कुणाच्या अडगळीतून एखादा संच घरी आला की हे आधी त्याला घासतात. कवळीचेच ब्रश, कवळीचीच पावडर. पट्ट्यांच्या सांध्यावर गंजाचा एक ठिपका दिसला तरी यांना जेवण गोड लागत नाही. एकच संच ते कधी घासत नसत. तो सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगासमोरच्या टेबलावर गेल्या दोन वर्षांपासून मांडलेला होता. दोघा भावांचा, लहानपणचा. घरात यांना थोरला म्हणायचे आणि भावाला धाकटा. खरी नावं फक्त शाळेच्या दाखल्यावर.

आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. दोघे भाऊ मोटारीने बाहेर पडले, चालवत हे होते. एका वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. यांचा हात मोडला. धाकटा बावीस वर्षांचा होता, तो तिथेच गेला.

सासूबाईंनी यांना काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, वर्षभरात नाही, एकतीस वर्षांत नाही. बोलणं चालू होतं, वाढणं-निवडणं चालू होतं, पण त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. मला त्या गप्प बसण्याचा इतका राग यायचा की कधी कधी भांडी आदळून मी तो काढायची. शिव्या दिल्या असत्या तर एकदाचं मोकळं झालं असतं. हे मला एकदाच म्हणाले होते, "आईला सांगायचंय, मी फार वेगात होतो. मग तिला काय बोलायचं ते बोलू दे." पण तोंड उघडायचा धीर त्यांना कधी झाला नाही. आता सासूबाई शहाऐंशीच्या झाल्या होत्या आणि रोज काहीतरी विसरत चालल्या होत्या. सांगायचं तर फार दिवस हातात नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी जेवण टाकलं. तोंडाशी चमचा नेला की मान फिरवायच्या. एका दुपारी चार वाजता, त्यांचा जीव रमावा म्हणून, यांनी तो जुना रस्ता माळ्यावरून काढून जोडला. आतल्या खाचेवर निळी गाडी, तिचा खटका यांच्या हातात. बाहेरच्या खाचेवर लाल, तिच्या खटक्याला रबरबँड गुंडाळलेला. एकट्याने खेळायचं तर असंच करावं लागतं. रबराची गाडी एकाच वेगात फिरत राहते, तिच्याशी आपण शर्यत लावायची.

सासूबाई उठून बसल्या. लाल गाडी खिडकीकडच्या वळणाशी आली तशा म्हणाल्या, "जपून रे."

आणि गाडी हळू झाली. खटक्यावर कुणाचा हात नाही, रबर तसंच ताणलेलं, आणि गाडी वळणभर सांभाळून गेली, वळण संपल्यावर पुन्हा पळाली. धाकटा अगदी असाच खेळायचा, हे मला यांनीच सांगितलेलं. पुढच्या फेरीला पुन्हा "जपून रे" आणि पुन्हा तेच. त्या दिवशी सासूबाई वाटीभर जेवल्या.

नंतर यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. वळणाच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या पट्टीचे सांधे गंजलेत, त्यामुळे तेवढ्या भागात वीज कमी पोचते. बस, एवढंच. मी म्हटलं, "मग घासा की." तर म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून रोज चारला शर्यत लागायची. माझ्या मनातली पाल मात्र चुकचुकत राहिली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सासूबाई तीन दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा मी एकदा स्वतः रबर लावून बघितलं. लाल गाडी वळणावर जेमतेम मंदावली, एका चाकावर कलली आणि तशीच पुढे गेली. यांना सांगितलं तर म्हणाले, हवा कोरडी असेल. त्या घरी आल्या, "जपून रे" म्हणाल्या, आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी हळू झाली. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

यांचा एक मित्र आहे, जळालेल्या विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा. त्यालाही हेच वेड. मागच्या महिन्यात तो दुपारी आला. हे पुढच्या खोलीत एका म्हाताऱ्याला कवळी बसवून दाखवत होते, मी चहा टाकायला गेले, सासूबाई झोपल्या होत्या. बिचारा टेबलासमोर एकटाच बसला. गंज बघून हात स्वस्थ राहील असा माणूस त्यांच्यात एकही नाही. मी चहा घेऊन आले तोवर त्याने खोडरबर आणि स्पिरिटने सगळ्या पट्ट्या घासून सांधे चकचकीत केले होते.

"वहिनी, काय दशा करून ठेवली होती यानं! आता बघा कशी पळते." तो इतका खुश होता की त्याला काय बोलणार? हे आले, त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी थँक्यू म्हणाले.

मित्र गेला. चार वाजले. "लावतोस ना रे?" सासूबाई उठून बसल्या होत्या.

यांनी लाल गाडीच्या रबराचा एक वेढा काढला. गाडी सगळीकडेच रांगायला लागली. "आज दमलाय का तो?" सासूबाई म्हणाल्या आणि चमच्यापासून तोंड फिरवलं. यांनी वेढा परत घातला.

लाल गाडी खिडकीकडे आली. "जपून रे," सासूबाई म्हणाल्या.

गाडीने ऐकलं नाही. खाच सोडून उडाली, कपाटावर आपटली आणि उलटी पडली. चाकं क्षणभर फिरली आणि थांबली. आता त्या धाकट्याच्या नावाने हंबरडा फोडणार, असं वाटून मी वाटी खाली ठेवली.

सासूबाई शांत होत्या. "थोरल्यानं शेवटी नाहीच ऐकलं माझं." त्या म्हणाल्या. "रोज सांगते, जपून रे, वळण आहे. एक दिवस जाणारच होता." मग त्यांनी यांचा हात धरला, निळ्या गाडीचा खटका असलेला. "तू घाबरू नकोस, धाकट्या. तू नीट चालवतोस." आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हिच्याकडे मात्र बघवत नाही रे. चार महिन्यांचा संसार पोरीचा."

माझा नवरा माझ्यासमोर उभा होता. तरी मी पुढे होऊन यांच्या दंडाला हात लावून पाहिला. दंड गार होता. किती वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून मला विधवा समजत होती, कोण जाणे.

हे खाली बसले.

"आई," ते म्हणाले, "थोरला फार वेगात होता."

"माहीत आहे मला."

"चूक त्याची होती."

"असू दे." त्यांनी यांच्या केसांवरून हात फिरवला. "मी त्याच्यावर रागावले नाही रे. कधीच नाही. कुठे भेटला तर सांग त्याला."

"सांगतो," हे म्हणाले.