मामूंची गळाभेट

मामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आगरदांड्याच्या जेटीवर बोटीची वाट बघत उभा होतो. सांगायला लाज वाटत नाही, मला रडू आलं नाही, राग आला. कुवेतला वर्षानुवर्षं वेल्डिंग करून छाती खराब करून घेतलेला, वर साखरेचं दुखणं असलेला माणूस... आणि गेला कशाने, तर गळाभेटीने.

आमच्याकडे मक्केला उमऱ्याची यात्रा करून कोणी परतलं की त्याच्या गळ्यात पडून दुआ मागतात. मामू यात सगळ्यांच्या पुढे. मिठी अशी मारायचे की समोरच्याची हाडं मोजून घेतायत म्हणा ना. यात्रेला जाणाऱ्यांना मुरूडच्या डॉक्टरांकडे नेऊन लशीच्या सुया टोचून आणायचेही तेच. कोणी टाळाटाळ केली तर त्याची बिनपाण्याने करायचे. त्याच डॉक्टरांनी त्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या म्हणून कितीदा बजावलं होतं. "सुई मुसाफिराला," मामू म्हणायचे. "मी कुठं चाललोय? घरातनं मशिदीत."

या वेळी परतलेला शेजारी खोकत होता. मी मामूंची बाही धरली, ती सोडवून ते पुढे गेले... आठवडाभरात फ्लूचा न्यूमोनिया होऊन अलिबागच्या इस्पितळात ऑक्सिजनवर होते. लस घेतली असती तर वाचलेच असते, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. झुंजायला बळ मिळालं असतं, एवढंच म्हणाले.

मग मामीची इद्दत सुरू झाली. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं. ती घरात, आणि अख्खा मोहल्ला सांत्वनाला आत. मामीलाही साखर, त्यात मूत्रपिंडं अशक्त. येणारी प्रत्येक बाई तिला कवटाळायची, आणि कोणी खोकलं की मी उठून खिडक्या उघडायचो. शेवटी मीच मामीपाशी लशीचा विषय काढला, आणि ती लगेच तयार झाली. निघताना मामूंची थोरली बहीण, माझी खाला, दारातच बसली होती.

"इद्दतीत बाई उंबरा ओलांडते व्हय? लोक काय म्हणतील?"

मामी बुरखा घालून उभीच होती. "आपा, इद्दत पुरी करायला मी जगायला नको?"

उठून वाट काही खालाने दिली नाही. मामी तिला वळसा घालून रिक्षात बसली. मुरूडला त्याच डॉक्टरांकडे पोचलो. मामू गेल्यापासून ती रडली नव्हती. डॉक्टरांनी दंडातली सुई काढली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मामी म्हणाली. "एवढंच होतं?"