सईची साके चाखायला

"येतो, पण पिणार नाही," या अटीवर माझा नवरा सुधीर गाडीत बसला.

दोन वर्षांपूर्वी आमची लेक सई बायोटेकमधली नोकरी सोडून साकेच्या मोठ्या कारखान्यात लागली. साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं हवापाण्यापलीकडे जात नव्हतं. आता तिच्या हातची पहिली बॅच बाहेर आली होती आणि तिने बाबाला बोलावलं होतं. हा आज गेला नसता, तर तिने पुन्हा बोलावलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोहून निघालो. ८८० नंबरच्या हायवेवर ट्रॅफिक, तासाच्या रस्त्याला दीड तास लागला. पार्किंग फुकट. टेस्टिंगचे, म्हणजे चाखायचे, माणशी वीस डॉलर, आधी बुक करा आणि पोटभर खाऊन जा. आम्ही थालीपिठं गाडीतच संपवली.

सईने आधी तांदूळ दाखवला. 'गिंजो' या वरच्या प्रतीसाठी दाण्याचा चाळीस टक्के भाग घासून काढतात.

"एवढा वाया?" सुधीरचा दिवसातला पहिला प्रश्न!

"नाही रे बाबा, त्या पिठाचे क्रॅकर्स करतात."

मग काउंटरवर थंडगार साकेचे पाच इवलेसे पेले आले. उरलेलं ओतायला शेजारी भांडं होतं. मी ड्रायव्हर, म्हणून जीभ ओली करून बाकीचं निमूट ओतलं. सुधीर मात्र ताटात शीत राहिलं तरी उठू न देणाऱ्या घरात वाढलेला. माझं ओतणं त्याला बघवेना. त्याने सरळ पेला उचलून रिकामा केला.

"बाबा, यू डोन्ट हॅव टू फिनिश इट! त्यात ओत."

"तांदूळ आहे तो. ओतायचा कसा?"

चौथा पेला सईच्या बॅचचा. खरबुजासारखा मंद वास, चव आधी गोडसर, मग एकदम स्वच्छ. सुधीर तो सावकाश प्यायला. सई पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसत होती.

"ही जरा अजून दे," तो म्हणाला.

सई हसली आणि मला मात्र रडू आलं.

एवढ्या निगुतीच्या साकेची छोटी बाटली फक्त बारा डॉलर! मोठ्या कारखान्यामुळे परवडतं म्हणे. आम्ही तीन घेतल्या.

साके आम्हाला कितपत कळली, कोण जाणे. संध्याकाळी घरी आल्यावर सुधीरने नागपूरला मोठ्या भावाला फोन लावला. तिथे सकाळ होती.

"दादा, आपली सई दारू बनवते."

पलीकडून "दारू?" असं मोठ्याने ऐकू आलं.

"हो, दारूच. फार चांगली बनवते."