वाळपेट्टैचा ळ

मदुरैत कुणाची खोडी काढायला फार डोकं लागत नाही. तो वालपेट्टैचा निघाला की काम झालं. 'वाल' म्हणजे तमिळमध्ये शेपूट. "काय रे, शेपूट घरी ठेवून आलास?" एवढं विचारलं की पुरे.

पण ती पेठ शेपटीची नव्हतीच मुळी. ती 'वाळ'ची, म्हणजे तलवारीची. नायक राजांच्या फौजेच्या तलवारी इथल्या भट्ट्यांत घडायच्या. पुढे गोऱ्यांनी तलवारी बंद केल्या आणि इथले लोहार कोयत्यांवर अन् विळ्यांवर आले. गोऱ्यांच्या लिपीत ळ कुठला? त्यांची पाटी पुन्हा तमिळमध्ये उतरवताना कुणा कारकुनाने ळच्या जागी ल ठोकला, आणि एका अक्षरापायी अख्ख्या पेठेला शेपूट फुटलं.

वडिवक्का ह्या पेठेतली शेवटची भट्टीवाली. साठी उलटलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, आणि जीभ तिने घडवलेल्या विळ्यांपेक्षा धारदार. तिचं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी "सुनेला शेपूट नाही ना?" म्हणून हसून घेतलं होतं. तिच्या बापाच्या आज्याने तलवारी घडवलेल्या. पण बाप मुलीचा बाप म्हणून मान खाली घालून त्यांच्यासोबत हसला. ते हसणं तिला कधीच पचलं नाही. नवरा गेल्यावर ती माहेरच्या भट्टीवर परत आली, तेव्हा तो राग तिने सोबतच आणला.

अशात बातमी आली, की पेठेच्या पोटातून मेट्रो जाणार, भुयारी स्टेशन होणार. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वालपेट्टै'. वडिवक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे दगडात कोरणार, गाडीतली बाई दिवसभर शेपूट शेपूट पुकारणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते पुसायचा नाही.

नकाशापाशी तरुण इंजिनिअर उभा होता. तिने त्यालाच गाठलं.

"तंबी, नाव काय तुझं?"

"एळिलन."

"वा! म्हणजे देखणा. नावाप्रमाणे आहेसही. आणि कुणी ळच्या जागी ल लिहिला तर?"

मग पोरगा एलिलन झाला असता. 'एली' म्हणजे उंदीर.

"लग्नपत्रिकेवर उंदीर छापलेला चालेल का तुला?"

मागची माणसं फिदीफिदी हसली. एळिलनही हसला. "पटलं, अम्मा. पण सगळ्या कागदांवर लच आहे. सुनावणीत पेठेने बहुमताने सांगितलं, तर मी वर कळवीन. मात्र दुसरं एक नाव आधीच आलंय."

दुसरं नाव होतं 'वैरवन सिल्क्स'. पेठेतल्या साड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक वैरवन चेट्टियार म्हणजे मनात आलं ते करणारा माणूस; स्टेशनला दुकानाचं नाव द्या म्हणून त्यांनी अर्जच केला होता.

त्यात सुनावणी आली नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी पेठेतल्या घरोघरची विळी वडिवक्काकडे धारेला येते. बोथट पात्याला कुंकू लावायची इथे रीत नाही. बायका म्हणाल्या, "अक्का, आम्ही सभेत बसलो तर धारेचं काय?" अक्काने धारेचं चाक उचललं आणि मंगल कार्यालयाच्या ओसरीवर नेऊन मांडलं. "धार हवी असेल तर तिथे या. आणि लावून झाली की आत बसा."

सभेत चेट्टियार उठले. "तलवार म्हणे! कुठाय तलवार? दाखवा मला एक तरी. अहो, शेपूट नको ना? मग माझं नाव घ्या. उद्घाटनाला सगळ्या पेठेला केळीच्या पानावर जेवण!"

जेवण म्हटल्यावर पुरुषांच्या माना डोलू लागल्या. फुकट ते पौष्टिक!  वडिवक्का उठली.

"चेट्टियार, तलवार कुठे गेलेली नाही. गोऱ्यांच्या भीतीने स्वयंपाकघरात लपलीय, एवढंच. तुमच्या सांबारातला शेवगा कोण चिरतं? ह्या पेठेतली विळीच ना?"

"बरं, बरं," एळिलन घाईने म्हणाला. "वाळपेट्टै, ळने. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

बायकांनी हात वर केले. पण हातांत विळ्या होत्या, नुकत्या धार लावलेल्या. सगळं सभागृह पात्यांनी लखलखलं. दारातला पोलीस दोन पावलं मागे सरला. दुसऱ्या रांगेत, रेशमी साडीत, मेय्यम्मै विळी उंचावून बसली होती. ही चेट्टियारांची बायको.

"अगं, तू?" चेट्टियारांचा आवाज चिरकला.

"लग्न होऊन आल्यापासून शेपटीवाल्यांची सून म्हणवून घेतेय," ती म्हणाली. "तुमचं नाव पिशव्यांवर आहे तेवढं बास झालं. हात वर करा."

चेट्टियारांचा हात वर गेला. मग पुरुषांचे हात मोजायची गरजच उरली नाही.

एळिलनने खिशातलं पेन काढलं, नकाशावरचा ल खोडला आणि वर ठसठशीत ळ काढला. "आता हेच वर जाईल, अम्मा. बघा, बरोबर आहे ना?"

वडिवक्का नकाशाजवळ गेली. जीभ टाळूला नीट वळवून तिने नाव मोठ्याने वाचलं. सभागृहाने ते तिच्या मागोमाग म्हटलं, तसं तिला रडू कोसळलं. ह्या पेठेत जन्मून साठी उलटली, तरी आपल्या पेठेचं नाव भिंतीवर बरोबर लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.