अण्णांनी धरलेला ताल

माझे कानडी सासरे गुंडूराव ऊर्फ अण्णा चाळीस वर्षं चामराजपेटच्या भजनी मंडळात मृदंग वाजवत होते. तालाच्या बाबतीत भलतेच कडक. कुकरच्या शिट्ट्यांतही चूक काढतील असा माणूस. त्यामुळे त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हयवदननं, बँकेतली नोकरी सांभाळून जॅझ वाजवायला घेतलं तेव्हा घरात तोंडं वाकडी झाली. "त्यात ताल कुठे आहे?" एवढं म्हणून अण्णांनी विषय संपवला. हयवदनचा माणसाएवढा डबल बास गच्चीवरच्या खोलीत असायचा. सात वर्षांत अण्णा तो जिना एकदाही चढले नाहीत.

शहाण्णव साली, पुण्याच्या नव्हे, आमच्या इथल्या शिवाजीनगरला, वाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत, हयवदनच्या चौकडीचा कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी चारला, खुर्च्या पस्तीस. त्यात हयवदनची स्वतःची पाच मात्रांची रचना होती. ती अण्णांनी एकदा ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. विचारायची मात्र छाती होईना. शेवटी मीच विचारलं. मी पुण्याची, मला भीड कमी.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "स्वल्प वेळ बसतो. नाही पटलं तर उठणार."

पहिल्या रांगेत धोतर आवरून ते बसले. माझा जीव टांगणीला. त्या पाच मात्रांच्या रचनेत सॅक्सोफोन झाला, पियानो झाला, अण्णा ढिम्म. मग बाकीचे तिघे थांबले आणि ड्रमवाला प्रदीपकुमार एकटाच सुटला. आता, अण्णांच्या भजनी मंडळात मृदंगवाला एकटा वाजवू लागला की इतरांनी हातानं ताल धरायचा असतो. अण्णांना तेवढंच ठाऊक. त्यांनी मांडीवर थाप मारून चांगला मोठ्यानं ताल धरला: दोन आणि तीन, दोन आणि तीन. सगळी खोली वळून बघू लागली. हयवदनचा चेहरा पडला. मला तर उठून पळावंसं वाटलं.

प्रदीपकुमार मात्र रंगात येऊन इतका लांब गेला की त्याला परतता येईना. सॅक्सोफोनवाला पियानोवाल्याकडे बघतोय, पियानोवाला खाली बघतोय. मोजणी कुणालाच लागेना. तेव्हा हयवदननं सगळं सोडून बापाच्या हाताकडे पाहिलं, मान हलवली, आणि चौघेही एकदम समेवर आले. टाळ्यांनी खोली दणाणली. मी रडत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुढचं कितीचं?"

"सातचं, अण्णा."

"वाजव. मी धरतो."