प्रस्थानाची पिशवी

"मॅडम, प्रॅग्मॅटिक म्हणजे दगडाच्या काळजाचा माणूस ना?" मेईनं विचारलं आणि माझा छान चाललेला क्लास तिथंच अडला.

मी जळगावात मेहरूणला राहते. कॉलेजातून रिटायर झाल्यावर तैवानमधल्या नोकरदारांना ऑनलाइन इंग्लिश शिकवते. प्रॅग्मॅटिक म्हणजे भावनेच्या भरात वाहून न जाता, आहे त्यातून मार्ग काढणारा. इतकं सोपं! पण त्यांच्याकडे माणसाला 'व्यवहारी' म्हटलं की त्या शब्दाला मतलबाचा वास येतो. आपल्याकडे तरी काय वेगळं?

मेई नर्स. आजीनं वाढवलेली. सोमवारी तिला सिंगापूरच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं, विमान रविवारचं. आजीनं पंचांग काढलं. हो, त्यांच्याकडेही असतं! रविवार प्रवासाला वाईट निघाला. हॉस्पिटल तारीख बदलेना, आजी ऐकेना. घरात बोलणं बंद.

"मैत्रिणी म्हणतात, प्रॅग्मॅटिक हो, आजीकडे लक्ष देऊ नकोस. जाईन मी, मॅडम. पण तिनं तोंड फिरवलेलं असताना कशी जाऊ?" पोरगी रडायलाच लागली.

मी उदाहरणं दिली. सगळी पुस्तकी. माझा मलाच राग आला.

तेवढ्यात शेजारच्या लताअक्का दार ढकलून आत. कडी लावायची मी नेमकी विसरले होते. माझा क्लास चालू असो की कुकर, अक्कांना सारखंच.

"ताई, सकाय अमावस शे, नि पोऱ्यानं तिकीट सकायनंच! ही पिशी तुमना घर राहू द्या."

म्हणजे उद्या अमावस्या आणि मुलाचं तिकीटही उद्याचंच. पिशवीत त्याचा सदरा, सुपारी, मूठभर तांदूळ. याला प्रस्थान म्हणतात. चांगल्या दिवशी सामान शेजारी नेऊन ठेवायचं, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. उद्या पोरगा माझ्याकडून पिशवी उचलणार आणि सुरतेची गाडी धरणार.

मी लॅपटॉप अक्कांकडे वळवला आणि पिशवीची गोष्ट मेईला इंग्लिशमध्ये सांगितली. "मेई, ही बघ प्रॅग्मॅटिक बाई."

"पण या तर दिवस मानतात!"

"मानतात. आणि गाडीही चुकवत नाहीत."

पोर का रडते, अक्कांनी विचारलं. मी सांगितलं.

"हात्तिच्या! मंग पिशी आजीलेच बांधू दे!"

मी ते मेईला इंग्लिशमध्ये सांगितलं. ती डोळे पुसत हसली.

क्लास संपतो न संपतो तोच क्लास ऐकत बसलेल्या को-ऑर्डिनेटरचा फोन. "मॅडम, टॉपिक सोडून गेलात."

"अहो, टॉपिकच घरात शिरला, त्याला मी काय करू?"

शनिवार आजीच्या पंचांगात चांगला होता. संध्याकाळी मेईचा फोटो आला. शेजारणीच्या दारात आजी, पिशवी छातीशी धरलेली. खाली लिहिलं होतं, "आजी बोलली, मॅडम! म्हणते, शेजारीण विसराळू आहे, उद्या पिशवी घ्यायला मीच येते. तशीच विमानतळापर्यंत."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून क्लासच्या वेळी मी दाराला कडी लावत नाही.