मारक्या घोडीचं शिंगरू

शिंगराचा मागचा पाय उचलायला वाकलो की मला भीती वाटायची. थोरला भाऊ असाच वाकला होता, त्याच गोठ्यात, या शिंगराच्या आईच्या मागे, आणि तिची लाथ त्याच्या छातीत बसली. तीन दिवस दवाखान्यात काढून तो गेला. गावानं घोडीला मारकी ठरवलं. घोडी का बिथरली हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

आमचं गाव पेठ वडगावच्या अलीकडे. थोरल्याची वरातीची घोडी होती. आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून मिरवले. मी वारणानगरला एका शाळेत कारकून. तो थंड डोक्याचा, मी तापट. गोठ्यात त्याचा एकच कायदा चालायचा. जनावराच्या मागं जायचं तर आधी बोलायचं, मग पाठीवर हात ठेवायचा, मग पुढं सरकायचं. दारात पाय टाकतानाच "हां गं बाई, हां" म्हणायचं. तहसीलदार आला असता तरी त्यालाही थोरल्यानं हे म्हणायला लावलं असतं.

त्या सकाळी तो घोडीचे खूर साफ करत होता. तिचं तोंड धरायला त्यानं मला हाक मारली. मी बाहेर टेम्पोतून गोठ्यासाठी आणलेले पत्रे उतरवत होतो, एकटाच. हा आपल्याला हात लावायला येत नाही आणि वर बोलावतोय, म्हणून माझं डोकं फिरलं होतं. "आलो की," म्हणालो आणि गेलो नाही. पुढचा पत्रा गोठ्याच्या भिंतीशी जोरात आपटला. चुकून नाही, मुद्दाम. राग आला की वस्तू आपटायची माझी जुनी खोड. पत्र्याचा दणका झाला आणि पाठोपाठ आतून थोरल्याचा आवाज आला.

वहिनी तेव्हा डेअरीत दूध घालायला गेल्या होत्या. लोक धावत आले तेव्हा मी सांगितलं, "घोडीनं लाथ मारली." त्यात खोटं काही नव्हतं.

दहावा-तेरावा झाल्यावर भावकी बसली. माणूस खाल्लेलं जनावर दारात ठेवायचं न्हाय, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. आमच्याकडे ही रीतच आहे, तिथे कुणाची हुज्जत चालत नाही. मी खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसलो. दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्यानं घोडी नेली. ती निमूट टेम्पोत चढली. मारकं जनावर असं चढत नाही, हे मला दिसत होतं. तरी मी टेम्पोची मागची फळी लावायला मदत केली.

शिंगरू चार महिन्यांचं होतं. तेही द्यायची बोलणी चालली होती, पण वहिनी आडव्या आल्या. "जन्मल्याबरोबर ह्यांनी त्याला सोताच्या टावेलानं पुसलंय. ते जायाचं न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुमी त्याला माणसाळवा. आईवर जाऊ देऊ नका." सगळ्या गावात त्यांना मीच सापडलो.

तीन दिवस ते आईसाठी ओरडत होतं. नंतर गप्प झालं आणि कोपऱ्यात तोंड घालून उभं राहू लागलं. हात पुढे केला की अंग चोरायचं. थोरल्याला मी हे काम करताना पाहिलं होतं, म्हणून तसंच सुरू केलं. शाळेत जायच्या आधी तासभर अंगणात बादली उपडी घालून त्याच्याकडे पाठ करून बसायचो. बोलावायचं नाही, बघायचं नाही. बाराव्या दिवशी मानेवर गरम श्वास लागला. मी हललो नाही. माझ्यासारख्या माणसाला न हलता बसणं म्हणजे शिक्षाच, पण बसलो.

मग खांद्यावर हात. तोंडाला नाही, कानाला नाही. आई जिथं दातांनी खाजवते तिथं, आयाळीच्या मुळाशी बोटं फिरवायची आणि त्यानं अंग काढून घ्यायच्या आत आपणच हात काढायचा. हे मला सगळ्यात अवघड गेलं. हळूहळू ते माझ्या बोटांकडे मान वाकवू लागलं. मग खरारा, मग सुती दोरीची मोरखी तोंडावर चढवणं. ती चढवून लगेच काढायची, ओढायची नाही.

पण मधेच ते थांबायचं. कान टवकारून माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायचं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. मागे गोठ्याचं दार असायचं, रिकामं. पहिल्या वेळी मी वळून पाहिलं. नंतर वळायचं धाडस झालं नाही. हात शिंगरावर ठेवून, ते जिकडं बघतंय तिकडं पाठ करून उभा राहायचो.

एकदा "हां बाळा, हां" म्हणता म्हणता माझा आवाज थेट थोरल्यासारखा निघाला. स्वयंपाकघरात भांडं पडलं. वहिनी पिठाचे हात घेऊन दारापर्यंत पळत आल्या. मला बघून तिथंच थांबल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून मी शिंगराशी कुजबुजत बोलू लागलो.

मागचा पाय उचलू द्यायला त्यानं दुसरा पावसाळा संपवला. त्याला माझं भय नव्हतं, मलाच त्याच्या मागे जायचं भय होतं आणि ते त्याला हातातून कळायचं. शेवटी राहिला आवाज. हलगीची सवय थोरला चंदी खाताना लावायचा. आधी लांबून, हळू, मग रोज थोडं जवळ. मी हलगीआधी पत्रा घेतला. लांब उभं राहून त्यावर चमचा टिचकवला. शिंगरानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं. मी पत्रा खाली ठेवून भिंतीआड गेलो आणि ढसाढसा रडलो. त्या दोन वर्षांत मला माफ केल्यासारखं वागणारं तेवढंच एक होतं. माझा जीव त्याच्यात अडकला होता, हे मी मान्यच करतो.

यंदा दिवाळीनंतर गारगोटीकडचे एक पाव्हणे आले. वरातीची घोडी ठेवणारे, हाताला मऊ माणूस. वहिनींच्या मनात शिंगरू चांगल्या घरी जावं असं होतं. पाव्हण्यांनी चारी पाय उचलून पाहिले. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून गेला, तरी शिंगरू हललं नाही. पाव्हणे खूश झाले. कट्ट्यावर चहा घेताना त्यांनी विचारलं, "आई कशी होती सभावानं?"

"मारकी होती," वहिनी म्हणाल्या. "माझा माणूस गेला तिच्या लाथंनं. लपवून जनावर द्यायाचं न्हाय मला."

पाव्हण्यांनी कप खाली ठेवला. "मग न्हाय जमायचं, वैनी. वर नवरदेव बसतोय. रक्तातलं कवा वर येईल सांगता येत न्हाय."

शिंगरू दावणीला उभं होतं. आता मारक्या घोडीचं म्हणून याचं नाव गावोगाव फिरणार, हे मला स्वच्छ दिसलं. "ती मारकी नव्हती," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. तिचं तोंड धरायला भावानं मला बोलावलं होतं, मी रागात गेलो नाही, पत्रा मुद्दाम आपटला, सगळं.

वहिनी शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग घोडीला का जाऊ दिलं?"

पाव्हण्यांनी व्यापाऱ्याचं नाव विचारलं. ते त्याला ओळखत होते. तिथंच फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून व्यापारी म्हणाला, "कुठली, ती मारकी? तसल्या जनावराला कोण घेतंय? दावणीलाच मेली की गेल्या उन्हाळ्यात."

पाव्हण्यांनी फोन खिशात घातला. वहिनी उठल्या, शिंगराची दोरी सोडली आणि हातात गुंडाळून घेतली. "हे कुणाला द्यायाचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि भावजी, आजपासनं तुमी ह्याला हात लावायचा न्हाय."

त्याला महिना झाला. खरारा, चंदी, सगळं वहिनी करतात. माझ्याशी वाईट बोलत नाहीत, जेवायला वाढतात. सकाळी मी शाळेत निघताना कुंपणाशी थांबतो. शिंगरू मला बघून धावत येतं, मान वाकवून आयाळीची मुळं माझ्यापुढे करतं आणि वाट बघतं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहतो.