कोंबडी एसटीत चढली आणि मी फ्यूज काढला

चहा घ्या आधी, गार होईल. आणि एक कबूल करा. मी सांगतोय तोवर हसायचं, मध्येच माझ्या तोंडाकडे बघून गप्प व्हायचं नाही. ताईला जाऊन अजून वर्ष झालं नाही, म्हणून लोक माझ्यासमोर हसायचे थांबलेत. मला ते झेपत नाही. आणि हा किस्सा तर असा आहे की माझ्यासारखं गाढव अख्ख्या भिवंडीत शोधून सापडायचं नाही!

ताई म्हणजे सुषमा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आमचं घर शेलारला, पण ती लहानपणापासून कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत राहायची, सुट्टीपुरती घरी यायची. घरी आमच्या खुणा किती? जेव, ये, बाबा चिडलेत, थांब तुला मारते. संपलं! एवढ्यावर आमचा संसार चालायचा. शिकून घ्यायला हवं होतं मी, हो की नाही? पण मी सातवीतच शाळेला रामराम केलेला. जो मराठी धड शिकला नाही तो हातांची भाषा काय शिकणार?

मी तेव्हा लूमच्या कारखान्यात वायरमनच्या हाताखाली होतो. आमचे उस्ताद गोरखपूरचे. त्यांनी मला एकच गोष्ट रोज घोकायला लावली होती. "देख वैभव, लाइट ने आँख मारी, मतलब कनेक्शन ढीला. पहले मेन गिरा, सोचना बाद में!"

मी पहिला अर्धा भाग पाळायचो. सोचना कधी आलंच नाही.

तर एकदा शाळेतून बाबांना निरोप आला. ताईच्या गोष्ट मंडळाची निवड आहे, घरच्यांनी यावं. बाबा काल्हेरच्या गोडाऊनला ड्युटीवर, आईच्या पायाला सूज. म्हणून मला पाठवलं. आईने बजावलं, "वैभ्या, गप एका जागी बसायचं. काय करायचं न्हाय."

काय करायचं न्हाय! इतकं सोपं काम कुणी कुणाला दिलं असेल का? तेही मला जमलं नाही.

मला वाटायचं, बहिऱ्या मुलांची शाळा म्हणजे एकदम शांत असेल. कसली शांत! बाकं ओढतायत, पाय आपटतायत, हसणं तर गेटपर्यंत. दोन मुली एकमेकींशी भांडत होत्या. एक वरच्या गच्चीत, दुसरी खाली नळावर, आणि मधल्या अंगणातून भांडण हातांनी चाललेलं. आपल्याकडे एवढ्या लांबून भांडायचं तर घसा बसला असता. आणि मंडळं किती! नाटकाचं वेगळं, कॅरमचं वेगळं, जेवण वाढणाऱ्यांचंही मंडळ, त्याचा अध्यक्ष वगैरे. पण मान सगळा गोष्ट मंडळाला. दर शनिवारी एकाने उभं राहून हातांनी गोष्ट सांगायची आणि सगळ्या वसतिगृहाने बघायची.

ताईची मैत्रीण रुबीना मला बघून धावत आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि हातांनी काहीतरी म्हणाली. म्हात्रे मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या त्यांच्या वर्गशिक्षिका, बोलता येणाऱ्या.

मी विचारलं, "मॅडम, काय म्हणते?"

"म्हणते, सुषमाचा भाऊ आहे हे खरं, पण कान फारच मोठे आहेत."

"असं तोंडावर?"

"इथे सगळं तोंडावरच असतं रे. मागे बोललेलंही लांबून दिसतं!"

मग मॅडमनी मला समजावलं. त्या दिवशी जो निवडला जाईल तो पुण्याला मोठ्या स्पर्धेला जाणार. ठाण्याहून परीक्षक बाई आल्यात आणि नाव आजच कळवायचंय. ताई दहावीला, तिचं हे शेवटचं वर्ष. तिने गोष्ट स्वतः रचली होती आणि कुणालाही दाखवली नव्हती. रुबीनालासुद्धा नाही! पडवीत भिंतीकडे तोंड करून सराव करायची म्हणे.

दिवस थंडीचे, बाहेर अंधार पडलेला. हॉलमध्ये दिवे लावलेले. मी पुढच्या रांगेत. पहिला मुलगा उभा राहिला आणि दिवे भकभक झाले. लागले, गेले, लागले. मी मनात म्हटलं, अरेच्चा! दुसऱ्या मुलीच्या वेळी परत तेच. आजूबाजूला बघितलं, कुणाला काहीच नाही! मला घाम फुटला. हॉलभर पोरं बसलीत, कनेक्शन ढिलं आहे आणि या लोकांना पत्ता नाही!

तुम्हाला कळलं ना काय होतं ते? शाबास. मला नव्हतं कळलं. अहो, जिथे घंटा कुणाला ऐकू येत नाही, तिथे लक्ष वेधायला दिवाच लावतात-घालवतात. म्हात्रे मॅडम मागे बटणापाशी उभ्या होत्या. पोरं आपसात हातवारे करायला लागली की दिवा भकभक करायचा, म्हणजे गप्पा बंद, इकडे बघा. पण मी मागे वळून बघेन तर शपथ!

मग ताई उभी राहिली.

काय सांगू! ती गोष्ट मला कळली. घरी जिचं जेव-ये-थांब सोडून काही कळायचं नाही, तिची अख्खी गोष्ट मला कळत होती! एक म्हातारी, तिची कोंबडी. म्हातारी वाकून चालायची तेव्हा ताईच म्हातारी, मान झटकून बघायची तेव्हा ताईच कोंबडी. कोंबडी खुराड्यातून पळाली, बाजारातून गेली आणि थेट गणेशपुरीच्या एसटीत चढली! खिडकीपाशी बसली, पंख आवरून, अगदी पाहुण्या बाईसारखी. पोरं लोळत होती हसून. परीक्षक बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मी तर ओरडलोच, "ताई, भारी!" ऐकणार कोण, ते सोडा.

कंडक्टर आला. कोंबडीकडे तिकीट मागितलं. मागची पोरं उत्साहात एकमेकांना काहीतरी सांगायला लागली.

आणि दिवे भकभक!

मी उठलोच. म्हटलं, माझ्या बहिणीच्या गोष्टीत लाइट जाणार? मी असताना? मेन स्विच रंगमंचाच्या बाजूच्या बोळात होता, ते आल्याआल्याच बघून ठेवलेलं. सवय! धावलो. रुबीनाने बघितलं, दोन्ही हात जोरजोरात हलवले. मला वाटलं, लवकर लवकर म्हणतेय. मी तिला अंगठा दाखवला. तिने कपाळावर हात मारला. मला वाटलं, बिचारी किती घाबरली!

मेन पाडला. वर चिनीमातीचा जुना फ्यूज होता, तोही ओढून काढला.

मिट्ट काळोख.

लक्षात घ्या, काळोखात आपण बोलतो. कोण आहे, कुठे आहेस, पाय देऊ नकोस, सगळं चालतं. तिथे काळोख म्हणजे हॉलभर पोरांची तोंडं एकदम बंद! आणि मी काय करावं? मी त्या काळोखात छाती भरून ओरडलो, "कुणी घाबरू नका! मी आहे!"

कुणाला सांगत होतो मी? कुणाला?

स्वयंपाकघरातून तेवढी चपात्या लाटणाऱ्या मावशींची आरोळी आली, "कोन हाय रं तो? माझा हात भाजला ना मेल्या!" आणि मग जमीन हादरायला लागली. धाड धाड धाड! पोरं पाय आपटत होती. जमिनीतून एकमेकांना कळवायची ती त्यांची पद्धत. मला वाटलं, मारायला आली! मी दचकलो आणि हातातला फ्यूज सुटला. फरशीवर पडून त्याचे तुकडे.

मॅडमनी मोबाइलचा टॉर्च लावला. पोरांचे मोबाइल वसतिगृहात जमा असतात, म्हणून हॉलमध्ये फोन मोजकेच. मॅडम माझ्यापाशी आल्या, माझ्या पायाशी बघितलं.

"हे काय केलंस?"

"मॅडम, लूज कनेक्शन होतं. मी वाचवलं सगळ्यांना."

"बटण मी दाबत होते, वैभव."

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मलाही ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं.

दुसरा फ्यूज नव्हता. दुकान बाजारात. परीक्षक बाई घड्याळ बघायला लागल्या, काल्हेरला ट्रकांची रांग लागली की ठाणं गाठणं मुश्कील. मॅडमनी विनवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, टॉर्चवर बघते. टॉर्च कुणी धरायचा? मी! मीच पुढे झालो ना, चूक भरून काढायला. पहिला झोत थेट ताईच्या डोळ्यांत. ती आंधळ्यासारखी चाचपडली. मग हातांवर धरला तर चेहरा दिसेना, चेहऱ्यावर धरला तर हात गायब. कोंबडी कुठली, कंडक्टर कुठला, भिंतीवर नुसत्या सावल्या. ताईने थोडा वेळ ओढून नेलं. मग थांबली. दोन्ही हात खाली सोडून उभी राहिली.

"अर्धीच गोष्ट झाली," परीक्षक बाई मॅडमना म्हणाल्या. "मला खरंच वाईट वाटतं. पण अर्ध्या गोष्टीला गुण कसे देऊ?"

पुण्याला तो पहिला मुलगा गेला.

ताई पुढच्या सुट्टीत घरी आली ती रुसूनच. तुम्ही-आम्ही रुसलो तर तोंड फिरवतो, तरी कानावर पडतंच. ती डोळे मिटून घ्यायची! मी समोर जाऊन कान धरले, उठाबशा काढल्या, कोंबडी होऊन दाखवली. डोळे मिटलेले. आई म्हणायची, "बघ आता, कर बडबड." शेवटी एके दिवशी तिने डोळे उघडले, मला एक टपली मारली आणि ताटात भाकरी टाकली. संपला राग. पण ती गोष्ट तिने परत कुणाला दाखवली नाही. मीही विचारली नाही. म्हटलं, आहे की वेळ. सावकाश खुणा शिकू, मग विचारू.

दिवाळीनंतर कावीळ झाली. गेली.

तेराव्याला तिचे शाळेतले सगळे आले, म्हात्रे मॅडमही. अंगणात सतरंजीवर बसले. रुबीनाने माझ्याकडे बघून बराच वेळ हात चालवले. मॅडमनी सांगितलं, "मंडळाला सुषमाची गोष्ट करायची आहे, तिच्या आठवणीत. तिकिटापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचं हॉलमध्ये कुणालाच दिसलं नाही. टॉर्च तुझ्या हातात होता, तू अगदी जवळ होतास. तू बघितलंस. म्हणून तुझ्याकडे आलोत."

मी! अख्ख्या जगात ती गोष्ट पुढे बघितलेला एकटा मी, ज्याला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं!

तरी उठलो. आठवत होतं ते हात. असे गोल, मग कपाळाशी, मग खाली झटकून, मग पोटाशी. सगळे टक लावून बघत होते. मी पुन्हा केलं. रुबीनाच्या ओठांचा कोपरा हलला. मग बाकीचे. मग सगळं अंगण हसायला लागलं. तेराव्याला! गणेशपुरीची आत्या आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

"मॅडम, काय म्हणालो मी?"

मॅडम डोळे पुसत होत्या, हसून की कशाने, माहीत नाही. "तू म्हणालास, कंडक्टरने टोपी खाल्ली आणि एसटीला ताप आला."

"हे ताई म्हणाली नसेल."

"नाही रे बाळा. नसेल."

मी खाली बसलो. आई दारात उभी होती, तीही हसत होती, पदर तोंडाला लावून. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मला मात्र तेव्हाच कळलं की ती गोष्ट आता कुणाकडेच नाही. मी म्हटलं, "रुबीनाला सांगा, माफ कर. पुढचं मला येत नाही."

रुबीनाने मान हलवली. मग बाकीच्यांशी हातांनी बोलली, चांगला बराच वेळ, दोघातिघांचा वादही झाला. शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

"ठरलं," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट तिकिटापर्यंतच करायची. कंडक्टर तिकीट मागतो, तिथे हॉलचे दिवे घालवायचे. आणि ते काम तुला दिलंय."

"मला कशाला?"

मॅडमनी रुबीनाकडे बघितलं. रुबीनाने दोनच खुणा केल्या.

"म्हणते, तेवढं तुला येतं."